थंडीत रोहू खातच नाही?

थंडीत रोहू खातच नाही, म्हणून मुंबईच्या पवई तलावावर गळ टाकून बसणं म्हणजे वेळ फुकट, असं तुम्ही म्हणता. अर्धंच पटतंय. पाणी गार झालं की मासा सुस्तावतो, पचन मंदावतं, म्हणून कमी खातो, पण खाणं बंद करत नाही. आपल्याकडे थंडी ती किती! पहाटे १५-१६ अंश, आणि दहा वाजता शर्ट घामाने चिकटलेला.

चूक बहुतेक वेळेची आणि चाऱ्याची होते. आपण पावसाळ्याच्या सवयीने पहाटे सहाला जातो. जानेवारीत मला साडेदहाच्या आधी धड चावा मिळालेला नाही. उन्हाने वरचं पाणी जरा तापलं की हालचाल सुरू होते. जागा घ्यायची ती उथळ, उन्हातली, पण जलपर्णीच्या अगदी लगत नको. एकदा चहा ओतायला मागे वळलो आणि दोर तिथेच गुंतला. मासाही गेला, गळही गेला.

चारा मूठभरच टाका. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक, गोळी बोराएवढी, गळ बारीक. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी, कटला वर. सगळ्यांसाठी एकाच खोलीवर तरंगा (दोरावरचा तरंगणारा तुकडा) लावून उपयोग नाही. थंडीत मी आधी तळच धरतो. चावाही हलका असतो, तरंगा बुडत नाही, नुसता आडवा सरकतो. तेवढ्यावरच झटका द्यायचा.

बाकी, पवईत मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नका.