मदत हवी आहे: टायर घासतोय, स्पेसर लावू की मडगार्डची कड वळवून घेऊ?

चक्रम१४
नमस्कार मंडळी. जुन्या गाडीला अलॉय रिम बसवली. गाडी दिसते एक नंबर, पण टायर घासतोय. एक जण म्हणतो चाकामागे पाच मिलिमीटरचे स्पेसर (चकत्या) टाक, दुसरा म्हणतो मडगार्डची कड आत वळवून घे. पिकअपही मेल्यासारखा वाटतोय, पण तो इंजिनचा विषय, त्याचा वेगळा धागा काढीन. तूर्तास एवढंच सांगा, स्पेसर की कड? जरा लवकर, रविवारी काम उरकायचंय.

नटबोल्ट
गाडी कोणती? आधीचा टायर कोणता होता, आता कोणता आहे? रिमची रुंदी आणि ऑफसेट (बोल्टची बैठक रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते; आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर)? घासतंय ते पुढे की मागे, वळताना की खड्ड्यात?

चक्रम१४
छोटी गाडी आहे हो, जुनी. मॉडेलने काय फरक पडतो? टायर मडगार्डला लागतो. रिम १४ची.

कावळा
डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" सांगायचं आणि वर गोळीचं नाव विचारायचं!

स्प्रिंगवाला
स्पेसर सोडा, कड सोडा. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर बसवा. मी बसवलेत. गाडी वर उचलते, मागे तिघं बसले तरी खाली बसत नाही. अर्ध्या तासाचं काम.

रबरबुश
स्प्रिंगवाला, प्रत्येक धाग्यावर तुमचे बफर! बफरने ती वेटोळी काम करायची थांबतात आणि सगळा भार उरलेल्यांवर पडतो. गाडी उचललेली दिसते, पण हादरे थेट शॉकअपच्या माउंटिंगला जातात. जुन्या गाडीत आधी बुश बघा. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटले असतील तर ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि तिथेच घासतं. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं.

स्प्रिंगवाला
माझं माउंटिंग अजून ठणठणीत आहे. वापरून बघितलं नाही त्याने बोलू नये.

चक्रम१४
भांडू नका. घ्या माहिती. आधी १४५/८० आर १२ होते, आता १७५/६५ आर १४. रिमवर ६ जे आणि ईटी २५ लिहिलंय. पुढची चाकं स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर बंपरच्या कोपऱ्याला लागतात, मागची खड्ड्यात. मागच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर बोटभर चकचकीत पट्टा पडलाय आणि मडगार्डच्या कडेचा रंग जाऊन पत्रा दिसतोय.

नटबोल्ट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

१४५/८० आर १२ म्हणजे रुंदी १४५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १२ इंची. त्याचा व्यास साधारण ५३७ मिमी. १७५/६५ आर १४चा ५८३. म्हणजे टायर साडेआठ टक्क्यांनी मोठा झालाय. तुमचा पिकअप तिथे गेला, वेगळा धागा काढू नका. सगळे गिअर तेवढेच लांब झाले (चाकाला ओढ कमी मिळते), छोट्या इंजिनाला ते जाणवणारच. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८७च्या आसपास असते, हेही ध्यानात घ्या.

आता रुंदी. तुमच्या रिमवरचं ६ जे म्हणजे सहा इंच रुंदी, ईटी २५ म्हणजे २५ मिमी ऑफसेट. मूळची लोखंडी रिम ४ जे आणि ऑफसेट ४० धरू (खरा आकडा रिमच्या आतल्या बाजूला ठोकलेला असतो, बघून सांगा). ४ची ६ इंच झाली म्हणजे दोन्हीकडे २५-२५ मिमी वाढली. ऑफसेट १५ने कमी झाला म्हणजे अख्खी रिम आणखी १५ बाहेर आली. बाहेरची कड ४० मिमी बाहेर, आतली फक्त १० आत. घासतंय ते बाहेर, आणि स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो. पाच मिमीचा स्पेसर टाकलात तर ४०चे ४५ होतील. तो सल्ला देणाऱ्याने टायर कुठे लागतोय ते बघितलंच नाही.

दूरदर्शी
टायरमध्ये नायट्रोजन भरा. हवा जरा हळू उतरते.

कावळा
नायट्रोजनने टायर बारीक होतो का?

दूरदर्शी
मी सर्वसाधारण माहिती दिली.

जुनाट
नटबोल्ट यांना +१. आणखी दोन गोष्टी. अलॉयचं मधलं भोक बहुतेकदा हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोठं असतं, त्यात रिंग बसवलीय का? नसेल तर चाक नुसत्या नटांवर मध्यात येतं आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक उगाच बॅलन्सिंग करत बसतात. दुसरं म्हणजे नट. लोखंडी रिमचे जुनेच नट लावले असतील तर त्यांचा उतार अलॉयच्या बैठकीशी जुळतो का आणि नट किती आटे पकडतो, ते आजच बघा. घासण्यापेक्षा ते जास्त गंभीर आहे.

अवांतर: जुन्या छोट्या गाडीला लोखंडी रिम आणि क्रोमची टोपी यासारखं देखणं काही नाही. असो.

चक्रम१४
रिंग नाही. नट जुनेच आहेत. पण मागे तर गाडी खाली घेतल्यामुळे घासत असणार ना? दीड वेटोळं कापलंय मागच्या स्प्रिंगचं. सांगितलं नव्हतं का?

रबरबुश
नाही!!

स्प्रिंगवाला
बघा, म्हणूनच बफर म्हणत होतो.

नटबोल्ट
कापलेल्या स्प्रिंगला बफर म्हणजे दुहेरी गोंधळ. सहा कामाची वेटोळी असतील आणि दीड कापलं, तर स्प्रिंग साधारण ३३ टक्के कडक झाली. तरी घासतंय, कारण चाकाला वर यायला जागाच उरली नाही. आणि कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही. एक करा: जॅक बॉडीला लावा, खाली स्टँड द्या, चाक लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर ती सैल आहे, एखाद्या मोठ्या खड्ड्यात जागा सोडू शकते. ग्राइंडरने कापली की गॅस कटरने? गॅसने कापली असेल तर त्या टोकाचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलंय, ती स्प्रिंग काढूनच टाका.

चक्रम१४
गॅसने. सगळे तसंच कापतात.

नटबोल्ट
सगळ्यांचं राहू द्या. क्रम असा धरा: मूळ उंचीच्या स्प्रिंग परत, नट आणि रिंग, मग टायर. १४चीच रिम हवी असेल तर १६५/५५ आर १४, व्यास बरोबर ५३७ येतो. पण टायरची भिंत बुटकी, खड्ड्यात रिम वाकायची भीती, शिवाय ती रिम बाहेर राहणारच. मी तुमच्या जागी असतो तर १३ची, पाच इंच रुंद, मूळच्या जवळच्या ऑफसेटची रिम आणि १५५/६५ आर १३. व्यास ५३२, एक टक्काही फरक नाही. टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा कमी नको. सगळं झालं की अलाइनमेंट.

चक्रम१४
१३ची अगदीच बारकी दिसते. स्पेसर नको एवढं कळलं. स्प्रिंग शोधतो. तोवर कड वळवून घेतली तर चालेल ना?

जुनाट
वळवताना हीट गन वापरा, नाहीतर रंग तडकेल आणि जुन्या पत्र्याला तिथूनच गंज धरेल. कडेच्या आत आधीच गंज असेल तर हात लावू नका, पत्रा फाटतो. पुढे बंपरला लागतंय त्याला कड वळवून काही होणार नाही.

हँडब्रेक
माझ्याकडे १५५/६५ आर १३च आहेत, रिम ईटी ३५. फक्त डावीकडे वळताना घासतं. कोणी सांगेल का?

नटबोल्ट
गाडी कोणती?