सुटा स्नूस: नवशिक्यानं शिकावा, की पाऊचवरच भागवावं?

उत्तरध्रुवी (धागाकर्ता):
मुक्काम गोथेनबर्ग, स्वीडन. सिगारेट सोडायला पाऊचमधला, म्हणजे इवल्या पिशवीत भरलेला स्नूस (ओठाखाली ठेवायची इथली दमट तंबाखू) घेऊ लागलो, सिगारेट सुटली. इथले जुने गडी मात्र पाऊचला नाक मुरडतात. ते डबीतला सुटा दमट चुरा चिमटीत दाबतात, त्याची गोळी म्हणजे 'प्रिला' वळतात आणि वरच्या ओठाखाली सरकवतात. माझं मत, घ्यायचा तर सुटाच. 'एत्तान' हा ब्रँड १८२२ पासून विकला जातोय, पाऊच आले १९७० च्या दशकात. 'जनरल' या ब्रँडमधला बर्गमॉटचा (लिंबाच्या जातीचं फळ) वास सुट्यातच खरा लागतो. फक्त माझी गोळी तोंडात फुटते आणि चुरा दातभर पसरतो. जाणकारांनी बोलावं.

सांगलीकर:
तुम्ही ती तळहातावर मळताय, पैज लावतो! आपल्याकडं चुना घालून तंबाखू मळायची, ते चुन्याचं काम इथं कारखान्यातच सोड्यानं झालेलं असतं. मळू नका, नुसतं दाबा. बोटं कोरडी हवीत. बारीक दळणाचा घ्या, भरड हाताला लवकर जमत नाही. आणि वरचाच ओठ! खाली लाळेचा पूर असतो, गोळी टिकणार कशी? बसवल्यावर जिभेनं चाचपू नका. चघळायचं नाही, थुंकायचंही नाही. गोळी वाटाण्याएवढीच ठेवा, नाहीतर उचकी आणि मळमळ ठरलेली.

दाढदुखी:
कृती छान, सल्ला वाईट. ओठाच्या आतली त्वचा जाड होऊन सुरकुतते, आणि हे पाऊचपेक्षा सुट्यात जास्त दिसतं. सोडल्यावर ती बरीचशी पूर्ववत होते. पण सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. मुळं उघडी पडली की थंड पाणी पिताना आठवण येईल.

उत्तरध्रुवी:
दाढदुखीसाहेब, स्नूस म्हणजे गुटखा नव्हे. यात सुपारी नाही. तंबाखू आंबवत नाहीत, वाफेनं तापवतात, त्यामुळे कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स बरीच कमी राहतात. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेनं २०१९ मध्ये 'जनरल'च्या आठ प्रकारांना सिगारेटपेक्षा धोका कमी असं लिहायची परवानगी दिली. त्या आठांत सुटाही आहे.

खवचट_काकू:
परवानगीतलं वाक्य अर्धंच वाचलंत. 'सिगारेटऐवजी' वापरला तर धोका कमी, असं आहे ते. जो ओढतच नाही त्याला यातून काय मिळणार? निकोटिनचं व्यसन, दुसरं काही नाही. शीर्षकात 'नवशिक्या' लिहिलंय म्हणून विचारते, शिकवताय कुणाला? कंपनीतल्या नव्या पोरांना 'इथली संस्कृती' म्हणून डबी पुढं करणारे आपलेच लोक पाहिलेत मी. गरोदरपणात तर हा अजिबात नको, वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

सांगलीकर:
काकू, न ओढणाऱ्यानं हात लावू नये, शंभर टक्के मान्य. पण स्वीडनमधल्या पुरुषांत धूम्रपान इतकं कमी का, याचं एक कारण हीच डबी आहे. युरोपीय संघानं १९९२ मध्ये विक्रीवर बंदी घातली, १९९५ मध्ये स्वीडन सवलत घेऊनच आत गेला. उगाच नाही.

खवचट_काकू:
सवलत मतांसाठी होती हो, फुप्फुसांसाठी नाही. आणि धागाकर्त्यांची सिगारेट पाऊचवरच सुटली ना? मग पुढची पायरी पाऊच कमी करणं. हे तर चवीसाठी नवा छंद लावून घेतायत. छंद सोडणं औषध सोडण्याहून अवघड, माझ्या घरातच पाहिलंय.

उत्तरध्रुवी:
'छंद' हा टोमणा लागला, कारण खरा आहे. तरी पटलं नाही. सुट्याला हात धुवा, वळा, नंतर टिश्यूत काढून टाका. एवढ्या कटकटीनं मी दिवसात कमी वेळा घेतो. पाऊच मीटिंगमध्येही नकळत जातो.

दाढदुखी:
मग रोज एकाच जागी तरी ठेवू नका. आणि डेंटिस्टला स्वतःहून सांगा, वरचा ओठ उचलून बघायला.

सांगलीकर:
डबी फ्रीजमध्ये ठेवताय ना? सुकलेल्या चुऱ्याची गोळी कुणाच्याच हातून वळत नाही.