बी.एड. की डी.एल.एड.? सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

शुभांगी (बी-२०३): नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं. मृण्मयी बीएस्सी गणित शेवटच्या वर्षाला आहे, आत्तापर्यंत ५८ टक्क्यांच्या आसपास पडलेत, आणि ती ठामपणे म्हणतेय की मला शिक्षिकाच व्हायचंय. आमच्या घरात या लाइनमधलं कुणीच नाही त्यामुळे काही कळत नाही. बी.एड.ला अॅडमिशन कशी होते, कुठली परीक्षा असते? आणि परवा एका एजंटचा फोन आला होता, परराज्यातल्या कॉलेजला नाव घालून देतो म्हणाला, दोन वर्षं जायचं नाही, फक्त पेपरला यायचं. असं असतं का खरंच?

विनायक काका (सी-४०१): शुभांगी छान निर्णय आहे तिचा. एजंटच्या नादी लागू नकोस एवढं सांगतो, बाकी देशपांडे मॅडम सांगतील, त्यांचं आयुष्य बी.एड. कॉलेजात गेलंय.

रेश्मा (बी-५०२): ताई आधी एक सांगा तिला लहान मुलांना शिकवायचंय की हायस्कूलला? कारण त्यावरच सगळं आहे.

शुभांगी (बी-२०३): अगं ती म्हणते पहिली ते दहावी कुठेही चालेल. बी.एड. झालं की सगळीकडे चालतं ना?

रेश्मा (बी-५०२): नाही ना ताई. पूर्वी तसं होतं. २०१८ ला एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, नोटिफिकेशन काढून बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीला पण पात्र केलं होतं, पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ते रद्दच ठरवलं. आता पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण ज्याला डी.एड. म्हणायचो ते. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आमच्याकडे भरतीच्या वेळी कितीतरी मुली बी.एड. घेऊन आल्या होत्या आणि त्यांना कळलं की पहिली-पाचवीच्या जागांना आपण बसतच नाही, रडायच्या बाकी होत्या बिचाऱ्या.

देशपांडे मॅडम (ए-१०१): रेश्माने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. शुभांगी, माझ्याकडे प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिला प्रश्न हाच विचारायचे, तुला कुठल्या वर्गासमोर उभं राहायचंय. बहुतेकींना उत्तर देता यायचं नाही कारण त्यांनी आधी कोर्स ठरवलेला असायचा आणि वर्गाचा विचार नंतर. तर थोडक्यात असं आहे: पहिली ते पाचवीला डी.एल.एड. आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. सहावी ते आठवीला पदवीबरोबर बी.एड. किंवा डी.एल.एड. आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि वर बी.एड. मृण्मयीचं गणित आहे आणि तिचं ग्रॅज्युएशन होतच आलंय, तिला मोठ्या मुलांना गणित शिकवायची आवड असेल तर बी.एड. योग्य. पण तिला खरोखर पहिली-दुसरीची मुलं आवडत असतील तर डी.एल.एड. करायला कमीपणा वाटून घेऊ नका, मूल वाचायला लिहायला शिकतं ते त्या वर्गात, आणि ते शिकवणं मोठ्या वर्गापेक्षा अवघड आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

शुभांगी (बी-२०३): मॅडम खूप धन्यवाद. आत्ताच तिला विचारलं, आठवी नववी दहावीचं गणित म्हणाली. मग बी.एड. पण ५८ टक्के चालतील का?

देशपांडे मॅडम (ए-१०१): चालतील. पदवीला किंवा पदव्युत्तरला किमान ५० टक्के लागतात, आणि महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाला ४५. बीएला कमी पडलेले पण एमएला ५० च्या वर असलेले पुष्कळ विद्यार्थी माझ्याकडे येऊन शिकून गेलेत. इंजिनिअरिंगवाल्यांना मात्र ५५ टक्के लागतात.

प्रसाद (ए-३०४): मॅडम हे माझ्यासाठीच विचारायचं होतं, मी मेकॅनिकल इंजिनिअर, आयटीत कंटाळलोय, कोचिंगमध्ये शिकवतो शनिवार-रविवार आणि ते फार आवडतं. इंजिनिअरला बी.एड. करता येतं हेच मला आत्ता कळलं.

देशपांडे मॅडम (ए-१०१): येतं प्रसाद. नियमात विज्ञान-गणिताचं स्पेशलायझेशन असलेली इंजिनिअरिंग पदवी असं लिहिलंय, त्यामुळे तुमच्या मार्कशीटवर गणित आणि भौतिकशास्त्राचे पेपर किती होते ते काढून ठेवा, कारण आत गेल्यावर अध्यापन पद्धती, म्हणजे ज्याला मुलं मेथड म्हणतात, ती पदवीच्या विषयावरूनच मिळते. पण नोकरी चालू ठेवून रेग्युलर बी.एड. होत नाही हे आधीच मनाशी पक्कं करा.

प्रसाद (ए-३०४): डिस्टन्सने नाही का होत? मुक्त विद्यापीठाचं ऐकलंय.

रेश्मा (बी-५०२): दादा ते आमच्यासारख्यांसाठी आहे. डी.एड. करून आधीच प्राथमिकला शिकवतोय त्यांच्यासाठी, किंवा ज्यांनी एखादा शिक्षक प्रशिक्षण कोर्स समोरासमोर केलाय त्यांच्यासाठी. मी बी.एड. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनच केलं नोकरी करता करता. थेट इंजिनिअरिंगवरून तिथे नाही घेत.

सेक्रेटरी (ए-२०२): सर्वांना विनंती, उद्या सकाळी १० ते १२ टाकी साफसफाई, पाणी भरून ठेवणे. चर्चा चालू द्या, चांगली चालली आहे.

शुभांगी (बी-२०३): मग परीक्षा कुठली मॅडम?

देशपांडे मॅडम (ए-१०१): राज्याच्या सीईटी सेलची बी.एड. सीईटी. शंभर प्रश्न, शंभर मार्क, नव्वद मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३० आणि शिक्षक अभियोग्यता ३०. गणिताच्या मुलीला पहिला भाग सोपा जाईल, तिने अभियोग्यतेचे प्रश्न मात्र नीट सोडवावेत, त्यात वर्गातला एखादा प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असं विचारतात आणि मुलं कडक शिक्षेचं उत्तर निवडून येतात. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला जायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणी पण असते, ती फॉर्म भरतानाच निवडायची, नंतर धावपळ करून उपयोग नाही. फॉर्म हिवाळ्यात सुटतात, शेवटच्या वर्षाची मुलं पण भरू शकतात, त्यामुळे रिझल्टची वाट बघत बसू नका. आणि सगळ्यात जास्त मुलं जिथे अडकतात ते सांगते, सीईटीचा फॉर्म आणि कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, फॉर्म हे दोन वेगळे आहेत! सीईटी दिली म्हणजे अॅडमिशनची प्रक्रिया झाली असं समजून घरी बसलेली मुलं मी दरवर्षी बघायचे, चांगले स्कोअर असलेली. कॅपची वेगळी नोंदणी, कागदपत्रं अपलोड करून त्यांची तपासणी, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजचे पर्याय भरायचे, मग राउंड.

विनायक काका (सी-४०१): कागदपत्रांचं पण सांगा, तिथेच लोकांची गाडी अडते. आमच्या भाचीचं नॉन क्रीमी लेयर ३१ मार्चलाच संपलेलं होतं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तहसीलला गर्दी तर काय विचारता.

देशपांडे मॅडम (ए-१०१): हो काका, अगदी बरोबर. आरक्षणातून जायचं असेल तर जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस असेल तर त्याचा दाखला, शिवाय डोमिसाइल, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला आणि दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट. ज्यांच्या युनिव्हर्सिटीत सीजीपीए आहे त्यांनी टक्क्यात रूपांतर करायचा युनिव्हर्सिटीचा फॉर्म्युला लेखी घेऊन ठेवावा. जात वैधतेला सर्वात वेळ लागतो म्हणून ती आत्ताच टाका. अजून एक, प्रवेश कॅपमधूनच घ्या. २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते कॅपच्याच प्रवेशाला. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ते हातचं गेलं. निवडलेल्या कॉलेजला लागू आहे ना ते कॉलेजात विचारून घ्या.

शुभांगी (बी-२०३): बापरे केवढी माहिती. आणि एजंटवाल्याचं? तो आज परत फोन करणारे, ह्यांना वाटतंय की घरी राहून झालं तर काय वाईट आहे, ट्यूशन पण घेता येतील तिला.

रेश्मा (बी-५०२): ताई नको. माझ्या चुलत बहिणीने असंच केलं. नाव नाही घेत कॉलेजचं. पैसे भरले, फक्त पेपरला गेली, डिग्री आली. नोकरीच्या कागदपत्र पडताळणीला कळलं की ज्या वर्षी तिला प्रवेश दिला त्या वर्षी कॉलेजला मान्यताच नव्हती. पैसे गेले, दोन वर्षं गेली आणि वय वाढलं ते वेगळंच. एजंटने फोन उचलणं बंद केलं.

देशपांडे मॅडम (ए-१०१): शुभांगी, मी जरा मोठं लिहिते, पण तुझ्या मिस्टरांना हे नक्की वाचायला दे. एनसीटीईच्या नियमात बी.एड.ला तासिका आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी आहे आणि शाळेतल्या आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, ९० टक्के. ती इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची आहे. म्हणजे यायचं नाही असा जो कुणी सांगतो तो खोट्या हजेरीचं सांगतोय. आणि हे नियम उगाच कुणी टेबलावर बसून केलेले नाहीत, ते कसे आले ते आपल्या राज्यातल्या लोकांना तरी माहीत असायला पाहिजे. महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचं एवढं पीक आलं होतं की मान्यतेचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, कोर्टाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, त्यांचा अहवाल २०१२ ला आला. त्यानंतर २०१४ चे नवे नियम झाले आणि २०१५ पासून एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्या वाढलेल्या वर्षातला मोठा वेळ शाळेत जाण्यासाठी आहे.

आणि शाळेत गेल्याशिवाय काय चुकतं ते सांगते. सुरुवातीला आम्ही सूक्ष्म अध्यापन घेतो, पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य. फक्त प्रश्न विचारणं, किंवा फक्त फलक लेखन. पहिल्या पाठाला जवळजवळ सगळे जण फळ्याकडे तोंड करून बोलतात, प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उत्तर देऊन टाकतात. सोबतचे छात्राध्यापक विद्यार्थी होऊन समोर बसलेले असतात, ते आणि निरीक्षक सांगतात काय झालं, मग तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा. तिथून सेतू पाठ, म्हणजे ती सुटी कौशल्यं एकत्र जोडून घेतलेला पाठ, तिथून शाळेतले सराव पाठ, प्रत्येकाचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, आदल्या दिवशी तपासून घ्यायचं. पुढे वर्गात साठ मुलं असतात आणि मागच्या बाकावरच्या मुलाला अपूर्णांकच आलेले नसतात, आणि टाचणात तर बैजिक राशी लिहिलेल्या असतात, त्या क्षणी काय करायचं हे कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही गं. हे सगळं न करता डिग्री घेतलेली मुलगी पहिल्या दिवशी वर्गावर जाते तेव्हा त्याची किंमत ती साठ मुलं देतात. मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो म्हणून एवढं लिहिलं.

प्रसाद (ए-३०४): मॅडम हे वाचून मला उलट अजूनच करावंसं वाटायला लागलं.

सलमा (सी-१०३): मी उशिरा वाचलं. अजून एक रस्ता सांगते, बी.एड. स्पेशल एज्युकेशन. दिव्यांग मुलांसाठी. त्याला एनसीटीई नाही तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते आणि पास झाल्यावर तिथे नोंदणी करावी लागते. मी श्रवणदोष असलेल्या मुलांना शिकवते. फार कमी मुली इकडे येतात आणि शाळांना गरज खूप आहे.

वैशाली (बी-१०४): आणि माझा मुलगा बारावीला आहे, त्याला आत्तापासूनच टीचर व्हायचं असेल तर? आधी डिग्री मग बी.एड. म्हणजे पाच वर्षं ना?

देशपांडे मॅडम (ए-१०१): वैशाली, त्याच्यासाठी चार वर्षांचा एकत्रित कोर्स आहे, आयटेप. बीए-बी.एड., बीएस्सी-बी.एड. किंवा बीकॉम-बी.एड. २०२३ पासून सुरू झालाय, प्रवेश एनटीए या केंद्राच्या परीक्षा संस्थेच्या एनसीईटी परीक्षेतून, मराठीतूनही देता येते. एक वर्ष वाचतं. नव्या शैक्षणिक धोरणात २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी करायची असं म्हटलंय. फक्त संस्था अजून थोड्याच आहेत, त्यामुळे त्याची घरापासून लांब राहायची तयारी पाहिजे. नुसतंच चार वर्षांचं बी.एड. असं कुणी सांगितलं तर ते आयटेप आहे का हे विचारून घ्या.

विनायक काका (सी-४०१): आणि बी.एड. झालं की नोकरी?

रेश्मा (बी-५०२): काका ती पुढची लढाई. टीईटी १५० मार्कांची, ओपनला ६० टक्के म्हणजे ९० लागतात, एकदा पास झालं की आता आयुष्यभर चालते. मग सरकारी आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, ती २०० मार्कांची, आणि मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची ऑनलाइन शिक्षक भरती. टेट दरवर्षी होतेच असं नाही, २०१७ नंतर थेट २०२३ ला झाली, मग २०२५ ला. त्यामुळे मृण्मयीला सांगा बी.एड. चालू असतानाच टीईटीचा अभ्यास धरायचा, बालमानसशास्त्र दोन्हीकडे तेच आहे. आणि आठवीला शिकवायचंय म्हणते ना, मग टीईटी हवीच. सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आधीपासून नोकरीत असलेल्यांना पण टीईटी सक्तीची केलीय, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्यांना, दोन वर्षांत. आमच्या शाळेत माझ्यापेक्षा मोठे सर आता रात्री अभ्यास करतायत.

शुभांगी (बी-२०३): ह्यांनी सगळं वाचलं. एजंटला नाही म्हणून सांगितलंय आत्ताच. जात वैधतेचा अर्ज उद्याच बघतो. मॅडम कॉलेज कसं निवडायचं तेवढं सांगा.

देशपांडे मॅडम (ए-१०१): उत्तम केलंत. आधी एनसीटीईच्या वेबसाइटवर मान्यतेच्या यादीत कॉलेज आहे का बघा, मग फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली किती आहे ते बघा. नंतर मृण्मयीला एक दिवस प्रत्यक्ष पाठवा आणि तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारू दे, सराव पाठाला शाळा कुठली मिळते, निरीक्षक पूर्ण पाठ बसतात का, आणि गणिताच्या मेथडला स्वतंत्र प्राध्यापक आहेत का. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पर्याय भरायच्या आधी यादी घेऊन घरी या दोघी, मी दुपारी चारनंतर असते.

प्रसाद (ए-३०४): मॅडम मी पण येऊ का मार्कशीट घेऊन?

देशपांडे मॅडम (ए-१०१): ये ना. सगळ्या सेमिस्टरच्या आण.