प्रायापिझमबद्दलही बोलायला हवे

मनोविकारावरील (अँटिसायकोटिक) गोळ्यांमुळे पुरुषांची कामेच्छा कमी होणे आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून छाती भरणे यांवर चर्चा होते. याच गोळ्यांची एक दुर्मीळ पण तातडीची गोष्ट राहून जाते, म्हणून लिहितो: प्रायापिझम. कामभावना नसतानाही लिंग ताठ होते, तसेच राहते आणि बहुधा दुखते. क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन, ओलांझापिन, क्लोझापिन अशा अनेक औषधांनी हे घडल्याची नोंद आहे. ही औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांसोबत रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ ग्राहकही अडवतात. मग लिंगातले रक्त बाहेर न पडता आत साकळते. डोस कमी आहे किंवा गोळी जुनीच आहे, म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

४ तास उलटले तर, मध्यरात्र असली तरी, थेट इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जा. गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. तिथे सुईने रक्त काढतात, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या फेनिलेफ्रिनचे इंजेक्शन देतात. लाजेपायी सकाळपर्यंत थांबले तर ताठरतेची क्षमता कायमची जाऊ शकते. आपल्याकडे मुलगा हे आईवडिलांना सांगणार नाही. म्हणून गोळी सुरू करतानाच डॉक्टरांनी याची कल्पना द्यावी, असे मला मनापासून वाटते.

रिस्पेरिडोनने कधी वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. माणूस घाबरतो, पण त्यात तसा धोका नसतो. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.