मदत हवी आहे: एलआरॅडपासून कान कसे वाचवायचे?

मोर्चांमध्ये मी प्रथमोपचाराचं काम करते. पोलिसांच्या गाडीवरची ती चपटी, गोल थाळी, म्हणजे एलआरॅड (लाँग रेंज अकूस्टिक डिव्हाइस, दूरवर प्रचंड मोठा आवाज फेकणारं यंत्र), तिच्याबद्दल विचारायचंय. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या जी-२० परिषदेत ती निदर्शकांवर वापरली गेली. साध्या भोंग्याचा आवाज चहूकडे पसरतो, हिचा झोतासारखा समोरच जातो. त्यात दोन-तीन किलोहर्ट्झची कर्कश शिट्टी, नेमकी आपला कान जिथे सर्वांत हळवा तिथली! मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात, म्हणून आधी झोतातून बाजूला व्हायचं, एवढं कळलं. पण दाटीत अडकलेल्या माणसाला फोमचे बोळे पुरतात, की वर इअरमफही हवेत? नंतर कानात सतत गुंई वाजत राहिलं तर किती तासांत डॉक्टर गाठावा? कानाचे डॉक्टर किंवा ध्वनितज्ज्ञ कुणी असतील तर कृपया सांगा. लहान मुलंही असतात हो गर्दीत.