मदत हवी आहे : आत्याचे कासव खात नाही, डॉक्टर सुचवा

वाडीकर : माझी आत्या गिरगावातल्या चाळीत एकटी राहते आणि मोरीशेजारच्या लाकडी खोक्यात तिने कित्येक वर्षे एक कासव सांभाळले आहे, हे तिच्या मुलालाही ठाऊक नाही. शेजारीण आली की ती खोक्यावर पाट ठेवते. दुपारी ती पोथी उघडते तेव्हा ते बाहेर येऊन तिच्या पावलाशी थांबते, आणि ओव्या मोठ्याने वाचते त्या त्याच्यासाठीच, असे तिने मला लाजत सांगितले. आता आठवडाभर ते अन्नाला तोंड लावत नाही. बोभाटा न करणारा डॉक्टर तातडीने सुचवावा. उपदेश नको.

माळरान : जमिनीवरचे की पाण्यातले? कवच कसे दिसते? खायला काय देतात?

ईशान्य : खोके दक्षिणेला असेल तर आधी उत्तरेला हलवा.

परळकर : आमच्या मांजरीला बैलघोडा रुग्णालयात गुण आला. सरळ तिथे न्यावे.

तळेकाठ : मुक्या जिवाला कोंडण्यापेक्षा पवई तलावात सोडून द्यावे, पुण्य लागेल.

माळरान : तळेकाठ, जमिनीवरचे असेल तर ते बुडेल, शिवाय त्या तलावात मगरी आहेत, त्यामुळे पुण्य नेमके कोणाला लागेल हा प्रश्नच आहे.

वाडीकर : कासव ते कासव! काळपट कवचावर पिवळ्या चांदण्या आहेत, दूधपोळी आवडीने खात असे, आणि हल्ली नाकातून बुडबुडे येतात. डॉक्टरचे नाव अजून कोणीही दिलेले नाही.

माळरान : हे स्टार कासव आहे. ते कोरड्या झुडपी प्रदेशातले आणि गवतपाल्यावर जगणारे असल्याने मोरीची ओल आणि दूध दोन्ही त्याला घातक आहेत. बुडबुडे हे श्वसनमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते, तेव्हा त्याला कोरड्या, उबदार जागी ठेवावे आणि मनाने औषध देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, म्हणून गुपचूप डॉक्टर शोधण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच कळवावे.

जुनाखटला : म्हणजे म्हातारीच्या मागे चौकशी लावायची! आधी वकील गाठा.

माळरान : वकील मिळेपर्यंत कासवाने थांबायचे का?

वाडीकर : कळवले आणि ते घेऊन गेले, तर आत्याला त्याला भेटू देतात का, एवढेच सांगा.

माळरान : ते तोंड उघडून श्वास घेते आहे का, हे आधी पाहून कळवा.