माळ्यावरचा सॅक्सोफोन आणि खोबरेल

माळ्यावरचा जुना सॅक्सोफोन काढून मित्रांनी कॉलेजातला जॅझ पुन्हा सुरू करावा, असं एकाने लिहिलंय ते अगदी पटलं, पण सॅक्सोफोनच्या चिकटलेल्या चाव्यांना खोबरेल लावायचा त्यातला सल्ला कृपा करून पाळू नका. चावीखाली भोक बंद करणारी गादी, म्हणजे पॅड, आत फेल्ट (दाबलेली लोकर) आणि वर पातळ चामडं अशी असते. तेलाने ते धूळ धरतं आणि जास्तच चिकटतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत जी शार्प आणि खालचा सी शार्प या सुरांच्या चाव्या हमखास अडकतात, कारण त्या एरवी बंदच असतात, ओल सुकत नाही. त्यात जी शार्प उघडणारी स्प्रिंग मुळातच हलकी. पॅडखाली सिगारेटचा कोरा कागद सरकवा, पॅड वरून हलकं दाबून धरा, सोडा, मग कागद काढा. दाबलेल्या पॅडखालून ओढलात तर जुनं चामडं फाटतं. तेल (खोबरेल नव्हे, वाद्याचं) फक्त चाव्यांच्या दांड्यांना, सुईच्या टोकावर मावेल इतकंच.

खालचे सूर फुटत नसतील तर जोरात फुंकून काही होत नाही, गळती शोधा. अंधाऱ्या खोलीत नळीत छोटा एलईडी दिवा सोडायचा; बंद पॅडच्या कडेने उजेड दिसला की तिथेच हवा जातेय. आणि रीड, म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पट्टी, २ नंबरचीच (मऊ) घ्या, इतक्या वर्षांनी ओठांना ३ नंबर (कडक) झेपत नाही. पावसाळ्यात ती पुसून, वाळवूनच डबीत ठेवा, नाहीतर बुरशी येते.